रखमाबाईंचा एकच शब्द

नागपूरहून परत आल्यावर आठवड्याभरातच रखमाबाईंची वाचा गेली. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून त्या वर्षी अंबरनाथहून बसेस भरून माणसं नागपूरला गेली होती. रखमाबाई आणि त्यांचा नवरा शिवराम, दोघंही गेले. चालून चालून पाय सुजले, एवढीच तक्रार घेऊन त्या परत आल्या. मग एका सकाळी हातातला चहाचा कप सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि उजवा हात नुसता लोंबायला लागला. त्यांचा मुलगा राजरत्न याने उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

"मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं बोलणं बरंचसं कळतंय त्यांना. पण बोलायला शब्द सापडत नाहीत. येतील कदाचित हळूहळू. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा."

घरी आणल्यावर त्यांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी लावली. शिवमंदिराकडे जाणारा रस्ता तिथून दिसायचा. बेलाची पानं विकणाऱ्या बायका सकाळी टोपल्या घेऊन जायच्या, त्या रखमाबाई बघत पडायच्या. त्यांचं सगळं सून करायची. सून म्हणजे संध्या, बदलापूरजवळच्या चामटोलीची. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि त्यावरून रखमाबाईंनी तिला कधी एक शब्द बोलून दाखवला नव्हता. उलट शेजारणीने विषय काढला की त्या म्हणायच्या, "शिकतेय ती. शिकू दे."

संध्या खरंच शिकत होती. लग्नाआधी तिने जर्मनचे क्लास केले होते. आता मुंबईला भाषाशास्त्रात एम. ए. करत होती. सासूचं आजारपण आलं तेव्हा ती म्हणाली, यंदा राहू दे. शिवरामने ऐकलं नाही. "आठवड्यातून तीन दिवस मी बघतो हिच्याकडे," तो म्हणाला. सगळा जन्म त्याने कारखान्यात काढला होता आणि निवृत्तीनंतर विहाराचं काम बघत होता. घरात त्याने स्वतःचा कप कधी विसळला नव्हता. पण त्याने शब्द पाळला.

घरी आल्यावर पंधरा-वीस दिवस रखमाबाईंच्या तोंडून नुसता आवाज यायचा. मग एकदा संध्या त्यांना पेज भरवत होती. चमचा ओठाशी नेला, तर त्यांनी मान बाजूला केली. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले आणि म्हणाल्या, "धू."

संध्याने वाटी खाली ठेवली. "काय म्हणालात, आई?"

"धू."

"बाबा, इकडे या. आई बोलल्या."

शिवराम आतून धावत आला. रखमाबाईंनी त्याच्याकडे बघून तोच शब्द म्हटला. पेज बोटांना लागली होती, म्हणून संध्याने कोमट पाणी आणून त्यांचे हात धुतले, पुसले. राजरत्न कामावरून आला तेव्हा त्याला दारातच बातमी सांगितली. त्या दिवशी घरात गोडाचा शिरा झाला.

पण दुसरा शब्द काही आला नाही. उठल्यावर धू, जेवताना धू, दुपारी खिडकीशी बसवलं की धू. संध्याने हात धुतले, पाय धुतले, केस धुतले. पांघरूण बदलून धुतलं. उशीचा अभ्रा धुतला. रखमाबाई पहिल्यापासून स्वच्छतेच्या. चाळीत होत्या तेव्हा सार्वजनिक नळाचा कट्टासुद्धा घासायच्या. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. राजरत्नने एका रविवारी जिना धुऊन काढला आणि त्यांना उचलून दारापर्यंत आणून दाखवला. त्यांनी जिना पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

शिवरामने तर त्यांचं जुनं हिरवं पातळ कपाटातून काढलं, मोरीत बसून साबण लावला, आपटलं, पिळलं आणि खिडकीत वाळत घातलं. ओल्या हातांनीच खाटेशी येऊन बसला.

"झालं का आता मनासारखं?"

"धू," रखमाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या. पातळाचं पाणी खिडकीतून खाली ठिबकत होतं.

संध्याच्या वर्गात त्या वर्षी भाषांच्या इतिहासाचा विषय होता. शिकवणारे गुरुदत्त सर हळू बोलायचे आणि फळ्यावर फार लिहायचे. त्यांनी प्रत्येकाला एक एक शब्द घ्यायला सांगितला होता. तो शब्द साधा नव्हता. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या भाषांची जी मूळ भाषा, तिच्यातला एक शब्द. ती भाषा कोणी लिहून ठेवलेली नाही. आज ज्या भाषा आहेत त्यांच्यावरून मागे मागे जात अभ्यासकांनी ती जुळवली आहे. अशा शब्दाच्या आधी एक चांदणी काढतात. म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हा शब्द सापडलेला नाही, जुळवलेला आहे.

संध्याने शब्द घेतला होता *दुख्तेर. एक दिवस ती खाटेशी बसून टाचणं काढत असताना शिवरामने चष्मा लावून तिच्या कागदात डोकावलं.

"ही चांदणी कसली?"

संध्याने सांगितलं.

"सापडत नाही तर मग होता कशावरून?"

"त्याच्यापासून निघालेले शब्द आहेत ना, बाबा. इंग्रजीत डॉटर. जर्मनमध्ये टोख्टर. डचमध्ये दोख्टर. स्वीडनमध्ये दोत्तर, आइसलँडमध्ये दोत्तिर. तिथे बाईच्या नावापुढे बापाचं नाव आणि दोत्तिर लावतात, तेच तिचं आडनाव. गॉथिक म्हणून एक भाषा होती, ती आता मेली. तिच्यात दोह्तर. सुरुवातीला 'द', जर्मनमध्ये तेवढा त्याचा 'ट' झाला; पुढे 'ख' किंवा 'ह', स्वीडन-आइसलँडकडे तो 'त'मध्ये मिसळला; मग 'त' आणि 'र'. इंग्रजीतला 'ख' बोलण्यातून गेला, पण स्पेलिंगमध्ये त्याची जी-एच ही दोन अक्षरं अजून आहेत. हे सगळे एकमेकांशेजारी ठेवले की वरचा शब्द कसा असेल ते ठरवता येतं."

शिवरामला हे आवडलं. त्याला असल्या गोष्टी नेहमीच आवडायच्या. "आणि अर्थ काय?"

"मुलगी."

त्याने चष्मा काढला. काचा पुसल्या. "दुसरा शब्द नव्हता का मिळाला?" असं म्हणून तो उठून आत गेला.

संध्याला आपली चूक लगेच कळली. या घरात एक मुलगी होती. भावना, राजरत्नची मोठी बहीण. संध्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. लग्नाआधी राजरत्नने तिला सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, घरात हे नाव काढू नकोस. नऊ वर्षांपूर्वी भावनाने उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाशी कोर्टात लग्न केलं. घरी सांगितलं नाही. शिवरामला ते विहारात कळलं, दुसऱ्या कोणाकडून, चारचौघांत. तो स्वतः जाती मोडा म्हणून भाषणं करणारा माणूस. तो म्हणायचा, "मला विचारलं असतं तर मीच मांडव घातला असता. विचारलं नाही, हेच मला लागलं." लग्नानंतर महिन्याभराने भावना नवऱ्याला घेऊन भेटायला आली, तेव्हा तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. दोघं दारातून परत गेली. रखमाबाई मधे उभ्या होत्या. त्यांनी ना लेकीला आत घेतलं, ना नवऱ्याशी भांडल्या. त्यानंतर त्यांनी भावनाचं नाव घेणं सोडून दिलं. अंबरनाथपासून उल्हासनगर रिक्षाने जाता येतं, पण नऊ वर्षांत त्या रस्त्याने या घरातून कोणी गेलं नाही, असं शिवरामला वाटत होतं.

जानेवारीत संध्याची वर्गात बोलायची पाळी आली. तिने चांदणीचा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शाखा काढल्या. मग सर म्हणाले, "आता उलटं जा. या शब्दाच्याही वर काय आहे?"

"त्याच्या वरच्या शब्दापासून एक शाखा आपल्याकडे येते, सर. संस्कृतात दुहिता. पालीत धीता. प्राकृतात धूआ. काहीजण म्हणतात की दुह म्हणजे दूध काढणं, त्यावरून दूध काढणारी ती दुहिता. पण त्याला पुरावा नाही."

"छान गोष्ट आहे, पण गोष्टच आहे," सर म्हणाले. "पुढे? आजच्या भाषांत काय झालं त्याचं?"

"पंजाबीत धी. सिंधीत धीअ. मराठीत मात्र उरला नाही. आपण मुलगी म्हणतो, लेक म्हणतो."

मागच्या बाकावर कुंदा बसायची. वेंगुर्ल्याची, वर्गात सगळ्यांत मोठी. शाळेत नोकरी करून शिकत होती. ती म्हणाली, "उरला नाही कसा? कोकणीत धूव आहे. आमच्याकडे मालवणीतसुद्धा आहे. माझी आजी तर पुढचा 'व' पण म्हणत नाही. आत्या माहेरी आली की ती सगळ्या वाडीला सांगत सुटते, 'माजी धू इली.'"

वर्गातले एक-दोघं हसले. संध्याच्या हातात खडू होता. तिने फळ्यावर धूआच्या खाली धू लिहिलं आणि ते अक्षर बघत उभी राहिली.

"पुढे?" सरांनी विचारलं.

"सर, माझ्या सासूबाई कुडाळकडच्या आहेत," ती म्हणाली. मग तिने खडू खाली ठेवला. सरांनी तिला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा शिवराम विहारात गेला होता आणि शेजारच्या बाई रखमाबाईंजवळ बसल्या होत्या. त्या गेल्यावर संध्याने पर्स खाली ठेवली आणि खाटेच्या कडेवर बसली.

"आई, तुमच्या गावाला लेकीला धू म्हणतात?"

रखमाबाईंची नजर तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि त्यांनी संध्याचं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"भावनाताईंना बोलावताय तुम्ही?"

नऊ वर्षांनी त्या खोलीत ते नाव कोणी मोठ्याने घेतलं होतं. रखमाबाईंचा चेहरा थरथरला. "धू," त्या म्हणाल्या. "धू. धू." आणि मग मोठ्याने रडल्या, लहान मूल रडतं तशा.

संध्याने त्यांना छातीशी धरलं. पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि त्याच वेळी तिच्या आत काहीतरी टोचलं. दोन महिने मी यांचं सगळं केलं. हाक मारली की धावत गेले, आणि ती हाक मला नव्हतीच. असं वाटल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. रखमाबाई शांत झाल्यावर ती उठली, तांदूळ निवडायला बसली. बराच वेळ निवडले. त्यांत खडे काही नव्हते.

शिवराम आणि राजरत्न दोघं घरी आल्यावर तिने सांगितलं.

"चाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला," शिवराम म्हणाला. "हा शब्द मी हिच्या तोंडून ऐकला नाही."

त्याचं गाव कऱ्हाडकडे. रखमाबाईंचा भाऊ त्याच्याबरोबर कारखान्यात होता, त्याने बहिणीचं स्थळ आणलं. ती सोळा-सतरा वर्षांची पोर कुडाळहून अंबरनाथच्या चाळीत आली आणि पहिल्या दिवशी तिने शेजारणीला विचारलं, पाणी खंय भरतत? सगळ्या बायका हसल्या.

"मीपण हसलो होतो," शिवराम म्हणाला. "तिला म्हटलं, तुझं ते खंय आणि कित्याक गावाला ठेवून ये, इथे कुठे आणि कशाला म्हणायचं. वर्षभरात आमच्यासारखी बोलायला लागली. मला वाटलं, विसरली."

मग राजरत्नने घसा साफ केला. "बाबा, ताई आली होती दवाखान्यात. मी कळवलं होतं."

"तू भेटतोस तिला?"

"हो. विठ्ठलवाडीला, डेपोजवळ. अधूनमधून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

शिवरामने मान हलवली. तो चिडेल असं दोघांना वाटलं होतं, पण तो चिडला नाही. "दवाखान्यात मला नाही दिसली."

"वॉर्डच्या दारापर्यंत आली. आई शुद्धीवर नव्हती आणि तुम्ही बाजूला बसला होतात. तुम्हाला बघून परत गेली. मी म्हटलं, घरी ये. तर म्हणाली, बाबा बोलावतील तेव्हा येईन."

"बरोबर आहे तिचं," शिवराम म्हणाला. त्याने पायांतल्या चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या. "उद्या जाऊ."

"मी रजा टाकतो," राजरत्न म्हणाला.

"तू नको. तू मधे बोलतोस. संध्या येईल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी तो विहारातल्या कार्यक्रमाला घालायचा तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तयार झाला. राजरत्न आईजवळ थांबला. शिवराम आणि संध्या रिक्षाने उल्हासनगरला गेले. फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकानांच्या बाहेर सोफ्यांचे सांगाडे उभे होते, रस्त्यावर स्पंजच्या लाद्या रचल्या होत्या. खाली दुकान, वर घर असा पत्ता राजरत्नने दिला होता. शिवराम जिना चढला आणि दारापाशी थांबला. बेल त्याने दाबली नाही. संध्याने दाबली.

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. अंगात सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी. भावनाची सासू. तिने शिवरामकडे पाहिलं आणि ओळख सांगायच्या आधीच बाजूला झाली.

"आओ, भाईसाहब, आओ. बैठो."

तिने त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी आणलं आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड आणला. शिवराम पापड हातात धरून बसला. म्हातारीने आतल्या दिशेने हाक मारली, "धीअ, हेडे अच!"

शिवरामने संध्याकडे पाहिलं. संध्याने हलकेच मान डोलावली.

"आप क्या बोलीं उसको?" त्याने म्हातारीला विचारलं.

"धीअ. माने बेटी. घर में दूसरी बेटी नहीं है ना. आपने दे दी हमको."

"मैंने कहाँ दी," शिवराम म्हणाला.

त्याच्या हातातला पापड मोडत होता, म्हातारीने पुढे बशी सरकवली.

भावना बाहेर आली. सोफ्याच्या रेक्झिनचे तुकडे कापत होती बहुतेक, हातात मोठी कात्री तशीच होती आणि केसांत स्पंजचे कण. राजरत्नचंच नाक, राजरत्नचेच डोळे. तिने बापाला पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

"आई?" तिने विचारलं. "आईला काही..."

"आई बरी आहे," शिवराम घाईने म्हणाला. "आई बरी आहे. तुला हाक मारतेय. दोन महिने मारतेय. आम्हाला कळत नव्हतं." तो उठून उभा राहिला. "मी बोलवायला आलोय तुला."

भावनाने कात्री टेबलावर ठेवली. सासू आत निघून गेली, चहाच्या निमित्ताने. संध्यालाही उठावंसं वाटलं, पण जाणार कुठे, म्हणून ती खिडकीकडे बघत बसली.

"तू मला विचारलं असतंस," शिवराम म्हणाला. त्याची ती जुनी गोष्ट होती, नऊ वर्षं सगळ्यांना सांगितलेली.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात, बाबा?"

खाली दुकानात कोणीतरी खिळे ठोकत होतं.

"नको म्हणालो असतो," तो म्हणाला. "लोकांना सांगत आलो की हो म्हटलं असतं. पण नको म्हणालो असतो. आपल्यातलाच बघू, असं म्हणालो असतो."

"मला माहीत होतं."

"हो. तुला माहीत असणारच."

भावना त्याच्या बाजूला येऊन बसली. त्याने तिच्या केसांतला स्पंजचा एक कण काढला, मग दुसरा. एकेक कण तो पापडाच्या बशीत ठेवत होता. ती रडत होती आणि तो नुसते कण काढत होता.

एवढ्यात शाळेचा गणवेश घातलेली एक लहान मुलगी जिना चढून आली आणि पाहुणे बघून दारातच थबकली. "सुजाता, ये," भावना म्हणाली. "हे आजोबा."

"अंबरनाथवाले?" मुलीने विचारलं. म्हणजे तिला सांगितलेलं होतं. शिवरामने नाव पुन्हा विचारून घेतलं. सुजाता, ती म्हणाली. बुद्धाला खीर देणारी सुजाता, तिला ती गोष्टही पाठ होती. तिने अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत सांगितली. ती पूर्ण होईपर्यंत शिवराम ऐकत राहिला.

त्याच दुपारी भावना त्यांच्याबरोबर आली. खोलीच्या दारात तिने चपला काढल्या. रखमाबाईंना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी लेकीला पाहिलं. रडल्या नाहीत. डावा हात पुढे केला, आणि भावना जवळ जाताच तिचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. आंधळं माणूस चाचपतं तसा.

"धू," त्या म्हणाल्या. पण आता ते मागणं नव्हतं. नुसतं नाव होतं.

संध्या चहा टाकायला आत गेली. गॅस लावला आणि तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने शिवराम स्वयंपाकघरात आला. त्याला तिथे काही काम नव्हतं. त्याने कप काढून ओट्यावर मांडले.

"तू जर शिकायचं थांबवलं असतंस," तो म्हणाला, आणि वाक्य तसंच सोडून दिलं. मग जरा वेळाने, "तुला वाईट वाटलंय."

"नाही, बाबा."

"वाटलंय. हाक दुसरीला होती म्हणून. मला दिसतं."

संध्याने साखर घातली. "थोडं वाटलं," ती म्हणाली. "जाईल."

"साहजिक आहे," शिवराम म्हणाला आणि कपांचा ट्रे त्यानेच उचलला.

भावना दर रविवारी यायला लागली. कधी नवरा हरेश स्कूटरवर सोडायचा, कधी सुजाता बरोबर असायची. हरेश पहिल्यांदा आला तेव्हा शिवरामने त्याला दारात जाऊन हाताला धरून आत आणलं. हरेशची आई एकदा पापडांचा डबा घेऊन आली. तिला मराठी येत नव्हतं, रखमाबाईंना बोलता येत नव्हतं. दोघी शेजारी बसून खिडकीतून रस्ता बघत राहिल्या आणि दोघींचा वेळ चांगला गेला असावा, कारण ती पुन्हा आली.

रखमाबाईंचे शब्द उन्हाळ्यापर्यंत एक एक करून परत यायला लागले. आले ते अंबरनाथचे आले नाहीत, कुडाळचे आले. पाणी म्हणायच्या ते पाणीच, पण पुढे 'हवं'च्या जागी 'व्हया' लागायला लागलं. राजरत्नला उशीर झाला की विचारायच्या, "खंय गेल्लंस?" शिवराम त्यांचं उत्तर त्यांच्याच बोलीत द्यायचा प्रयत्न करायचा आणि ते इतकं वाईट जमायचं की त्यांच्या तोंडाची बरी बाजू हसायची. त्याने कुंदाला एकदा घरी जेवायला बोलावलं. ती रखमाबाईंशी तासभर बोलली आणि शिवराम मधे मधे थांबवून अर्थ विचारत राहिला.

संध्याने आपला निबंध पुरा केला. *दुख्तेर, त्याच्या युरोपातल्या लेकी, त्याच्या वरचं मूळ आणि इकडची शाखा. मालवणीतल्या धूचा पुरावा म्हणून तिने कुंदाच्या आजीचं वाक्य दिलं. सासूबाईंचं दिलं नाही. गुरुदत्त सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, ते घरातलं आहे. सरांनी पुढे विचारलं नाही. गुण चांगले मिळाले.

तिच्या मनातलं ते टोचणं बरंच गेलं होतं, पण सगळं नाही. जूनच्या सुरुवातीला एक दुपार दोघीच घरात होत्या. संध्या रखमाबाईंच्या उजव्या हाताला तेल लावत होती. बोटं आता जरा हलायची. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आई, सुरुवातीला तुम्ही सारख्या धू धू म्हणत होता. ते सगळं भावनाताईंसाठीच होतं?"

रखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. प्रश्न कळला होता. शब्द शोधताना त्यांच्या भुवया आक्रसायच्या, तशा आक्रसल्या. संध्या हात चोळायची थांबली.

"हात," रखमाबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "हात... धुवन धुवन... साल काढलंस माजी."

संध्याला आधी हसू आलं आणि मग हसता हसता डोळे भरले. रखमाबाईही हसत होत्या, वाकड्या तोंडाने, आवाज न करता. हसून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने तेलाची वाटी बाजूला सारली आणि खाटेवरची आपल्या शेजारची जागा थोपटली.

"बस गो," त्या म्हणाल्या. "जेवलंस?"

"नाही अजून."

"मगे जेव आधी. हात मगे."

संध्या उठली, ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या शेजारी खाटेवरच बसून जेवली.